महिन्याला १२ लेखांचा रतीब कशासाठी?

कंपनीच्या वेबसाइटसाठी लेख लिहिणाऱ्या कंटेंट टीमचं कॅलेंडर उघडलं की बहुतेक ठिकाणी एकच आकडा ठळक दिसतो: महिन्याला १२ लेख. तो कुठून आला हे विचारलं तर कुणालाच नीट सांगता येत नाही. पण एकदा ठरला की सगळी टीम त्याच्यामागे धावते. विषय संपतात, मग तेच विषय शब्द फिरवून परत येतात आणि लिखाणाचा रतीब होऊन बसतो.

आधी हिशोब मांडू. एका लेखकाचे महिन्याला ४० तास धरले, तर १२ लेखांत प्रत्येकाच्या वाट्याला ३ तास २० मिनिटं येतात. दोन-अडीच तास नुसतं लिहिण्यात जातात. उरलेल्या तासाभरात संशोधन, चित्रं, तपासणी आणि अपलोड. एवढ्या वेळात संशोधन म्हणजे काय होणार? गुगलच्या पहिल्या पानावरचे चार लेख वाचायचे आणि त्यांतून पाचवा तयार करायचा. लेखक कितीही चांगला असला तरी या वेळेत यापलीकडे जाता येत नाही, म्हणून दोष त्याचा नाही, कॅलेंडरचा आहे.

फरक कुठे पडतो ते एका वाक्यात दिसतं. समजा, ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीसाठी लेख लिहायचा आहे. घाईच्या लेखात वाक्य येतं, ‘पाठीला योग्य आधार देणारी आरामदायी खुर्ची निवडा.’ चूक काहीच नाही, पण हे वाचून खुर्चीसमोर उभ्या असलेल्या माणसाला काय ठरवता येईल? आता खुर्च्यांचं काम रोज करणाऱ्या माणसाशी बोलून लिहिलेला मजकूर पाहा: ‘पूर्ण मागे सरकून पाठ टेकवा. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर ती सीट तुमच्यासाठी जास्त खोल आहे. कड गुडघ्यामागे रुतते, माणूस नकळत पुढे सरकून बसतो आणि पाठीचा आधार मागेच राहतो.’ यात एक कृती आहे, एक माप आहे आणि चुकलं तर काय होतं त्याचं कारण आहे. लेख तपासताना मी प्रत्येक परिच्छेदात या तीनपैकी निदान एक तरी शोधतो. एकही सापडलं नाही तर तो परिच्छेद काढून पाहावा. बहुतेक वेळा लेखाला काही फरक पडत नाही.

त्याच ४० तासांत १० तासांचा एक असे ३ लेख घ्या. उरलेले १० तास जुन्या लेखांसाठी राखून ठेवा. प्रत्येक लेखाचे पहिले ३ तास लिहिण्यात घालवू नका, माहिती गोळा करण्यात घालवा. सपोर्ट टीमकडे तीन महिन्यांत आलेली तिकिटं (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी आणि प्रश्न) चाळा, विक्री करणाऱ्या एकाशी अर्धा तास बोला, आणि ते काम प्रत्यक्ष हाताने करणाऱ्या एकाशी पाऊण तास. इथे एक चूक हमखास होते: ‘तुमच्या कामाबद्दल सांगा’ असं विचारलं की उत्तर ब्रोशरच्या भाषेत येतं. त्याऐवजी ‘मागचे तीन ग्राहक कशावर अडले?’ किंवा ‘नवखा माणूस पहिली चूक कोणती करतो?’ असं विचारा. लेखाचा कणा त्या उत्तरांतच असतो.

पुढचा एक तास सर्च रिझल्टसाठी. आलेले लेख वाचायचे ते त्यांच्यात काय नाही ते टिपायला. मग एक तास ब्रीफला, म्हणजे लेखाच्या आराखड्याला, तोही एका पानाचा. वरच्या ओळीत फक्त हे लिहा: लेख वाचून झाल्यावर वाचकाला असं काय करता येईल, जे आधी येत नव्हतं? ती ओळ लिहिता येत नसेल तर विषय सोडून द्या. इथवरचे पाच तास वाया गेलेले परवडतात, दहा नाही. मग ३ तास लेखन, एक तास जाणकाराकडून तपासणी, एक तास संपादन आणि चित्रं.

तपासणीत गाडी नेहमी अडते. पूर्ण लेख मेलने पाठवला की तो जाणकाराच्या इनबॉक्समध्ये दोन आठवडे पडून राहतो. त्यापेक्षा लेखातली पाच-सहा ठाम विधानं वेगळी काढून पाठवा आणि प्रत्येकापुढे बरोबर की चूक एवढंच विचारा. खाली एक प्रश्न जोडा: यात काय राहिलं?

दर्जेदार म्हणजे लांबलचक, हा गैरसमजही फार पसरला आहे. गुगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे की त्यांना अमुक इतके शब्द हवेत असं काही नाही. जे ६०० शब्दांत संपतं ते पाणी घालून २,००० पर्यंत वाढवलं, तर वाचकाला उत्तर शोधत खाली खाली जावं लागतं.

ढिगाने लेख पाडण्याचा धोका काही आजचा नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने सर्चच्या क्रमवारीत पुढे पांडा नावाने ओळखला गेलेला बदल आणला, तेव्हा अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के सर्चवर त्याचा परिणाम झाला आणि उथळ लेखांच्या जोरावर उभ्या असलेल्या अनेक साइट्स खाली गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये गुगलसाठी सर्चच्या निकालांचा दर्जा तपासणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत प्रत्यक्ष अनुभव हा निकष वाढला. मार्च २०२४ मध्ये केवळ रँकिंगसाठी, म्हणजे सर्चमध्ये वर दिसण्यासाठी, मोठ्या प्रमाणावर मजकूर तयार करणं गुगलच्या स्पॅमविरोधी धोरणात गैरप्रकार म्हणून आलं, मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं: सर्वसाधारण लेख आज कुणालाही काही मिनिटांत जवळजवळ फुकट मिळतो. ज्याची किंमत शून्यावर आली, तेच जास्त बनवून काय साधणार?

आता जुने लेख. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते हे दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात, १६ महिन्यांचा डेटा मिळतो, तो पूर्ण घ्या. तीन महिन्यांचाच घेतला तर हंगामी लेख मेलेले वाटतात. स्क्रीनवरच्या टेबलमध्ये १,००० ओळीच येतात, साइट मोठी असेल तर फोल्डरप्रमाणे फिल्टर लावून तुकड्यांत डाउनलोड करा. मग महत्त्वाच्या एकेका क्वेरीवर (लोकांनी सर्चमध्ये टाकलेल्या शब्दांवर) क्लिक करून ‘पेजेस’चा टॅब पाहा. एकाच प्रश्नासाठी तुमचीच तीन पानं आलटून पालटून दिसत असतील तर ती एकमेकांचे पाय ओढत असण्याची शक्यता मोठी. लगेच एकत्र करू नका, आधी ती वाचा. एक पान खरेदीआधीच्या शंकेचं आणि दुसरं दुरुस्तीचं असेल तर दोन्ही राहू द्या.

एकत्र करायचं ठरलं तर ज्या पानाला क्लिक आणि बाहेरच्या लिंक जास्त आहेत ते मुख्य ठेवा. बाकीच्यांतला कामाचा मजकूर त्यात आणा आणि जुन्या पत्त्यांवरून ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा कायमचा नव्या पानावर जाईल. साइटमधल्या लिंक थेट नव्या पत्त्यावर वळवा आणि साइटमॅपमधून (सर्च इंजिनला दिलेल्या पानांच्या यादीतून) जुने पत्ते काढा. कंटाळा करून सगळं होमपेजवर वळवलं तर गुगल ते सॉफ्ट ४०४, म्हणजे अस्तित्वात नसलेलं पान, म्हणून धरू शकतं आणि केलेली मेहनत वाया जाते. रिडायरेक्ट निदान वर्षभर राहू द्या.

पान फक्त सर्चमधून काढायचं असेल तर त्यावर नोइंडेक्स (हे पान सर्चमध्ये दाखवू नका, ही सूचना) लावा, पण तेच पान रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे सर्च इंजिनने कोणती पानं उघडू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, ब्लॉक करू नका. ब्लॉक केलं की गुगलला पान उघडता येत नाही, मग त्यावरचा नोइंडेक्स तो वाचणार कसा? आणि आतला मजकूर तसाच ठेवून नुसती तारीख बदलणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणं आहे. त्याने रँकिंग सुधारत नाही आणि परत आलेल्या वाचकाची फसगत मात्र होते.

शून्य क्लिकचं प्रत्येक पान निरुपयोगी नसतं, हेही सांगायला हवं. काही लेख सर्चमधून कुणी उघडत नाही, पण विक्रीची माणसं ते रोज ग्राहकांना पाठवतात. हटवण्याआधी त्यांना विचारा.

अगदी नव्या साइटला मात्र आकड्याकडे थोडं लक्ष द्यावंच लागतं. पाच पानांच्या साइटवर कोणता विषय चालतो हे कळायला डेटाच नसतो. तिथे मुख्य प्रश्नांवरचे १५-२० लेख होईपर्यंत वेग ठेवा, फक्त प्रत्येकाचं ब्रीफ आधी लिहा. उलट बाजूला, परिपूर्णतेच्या नादात चार महिने एकच ड्राफ्ट घासत बसणाऱ्या टीमही असतात. त्यांना १० तासांची मर्यादा तितकीच लागू आहे.

बदल करताना वरिष्ठांना पहिल्या महिन्यात ट्रॅफिक दाखवायला जाऊ नका, दाखवण्यासारखं काही नसतं. सहा महिन्यांचा अवधी मागून घ्या आणि तीन गोष्टी नोंदवा: लेख वाचून किती जणांनी चौकशी केली, विक्रीच्या माणसांनी कोणता लेख आपणहून किती वेळा पाठवला, आणि ज्या प्रश्नावर लेख लिहिला त्याची तिकिटं कमी झाली का. तिसरा आकडा कुणीच मोजत नाही, म्हणून लेख प्रसिद्ध होण्याआधीच्या तीन महिन्यांची तिकिटं आजच मोजून ठेवा. नंतर तुलनेला ती लागतील.