उत्तरायणला मी गच्चीवर का येत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मामी विचारतात, शेजारचे काका विचारतात, आता भाचाही विचारायला लागलाय: "बडोद्यात राहून चौदा तारखेला घरात?" आजवर तब्येतीचं कारण सांगून वेळ मारून नेली.

पतंगाचा मला तिटकारा नाही. तीस वर्षं पेच लावले, माझ्यासारखी ढील सोसायटीत कुणी देत नसे.

पाच वर्षांपूर्वी वासी उत्तरायणला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरताना, मागच्या कडुनिंबात काहीतरी फडफडलं. वाटलं घार असेल. शिडी लावून उतरवली तर अंग चॉकलेटी, डोकं लोण्याच्या रंगाचं. दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर मी दर हिवाळ्यात हिच्या जातीचे पक्षी बघायला जायचो. पंख किंचित वर धरून ते बोरूवरून इतके खालून तरंगत जातात की पाण्यावरचे चांदवे पक्षी घाबरून एकमेकांना बिलगतात.

मांजा खांदा आणि मनगटामधल्या पडद्यात रुतला होता. पंखाची पुढची कड ताणून धरणारा स्नायुबंध तिथेच असतो. रक्त फार नव्हतं. तिनं माझ्या अंगठ्यात नखं रोवली, ती मी सोडवली नाहीत. डॉक्टर म्हणाले, जगली तरी उडणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खोकं उघडलं तेव्हा ती गेलेली होती.

सैबेरिया, कझाकस्तानकडे बोरूच्या रानात घरटं करणारी ही जात. तिकडचं पाणी गोठलं की बेडूक, उंदीर, पाणपक्षी मिळेनासे होतात, म्हणून ती इकडे येते आणि मार्च-एप्रिलात परत जाते. अर्ध्या-पाऊण किलोचा जीव.

मांजा गुलाबी होता. त्या दिवशी आमच्या फिरकीवरही गुलाबीच होता. अर्ध्या बडोद्याच्या फिरक्यांवर गुलाबीच असतो, हे मी स्वतःला कितीदा तरी बजावलंय. आणि तो नायलॉनचा नव्हता. नायलॉनवर 2017 पासून बंदी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. हा साधा सुती होता, काच लावलेला. पूर्वी कुणी असं बोललं असतं तर मीच म्हणालो असतो, वर्षाचा एक सण, तेवढाही करू नये का? त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

भाचा म्हणतो, "मामा, सकाळी लवकर आणि पाचनंतर, पक्षी ये-जा करतात तेव्हा, नाही उडवणार. मग येशील?" त्याला हो म्हणवलं नाही, नाहीही म्हणवलं नाही. यंदा वरून "काप्यो छे!" ऐकू आलं, तेव्हा मी उठून खिडकीशी गेलो आणि कुणाचा कापला ते पाहिलं.