परदेशी मूल वर्गात येतं तेव्हा

१८ जून

सोलापुरातली आमची शाळा परवाच उघडली. परदेशी मूल येणार जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. हातात महिना आहे आणि तो सगळा लागतो. रोटरी युथ एक्स्चेंज असो की एएफएस, विद्यार्थ्यांची देशोदेशी देवाणघेवाण करणाऱ्या या संस्थांच्या वर्षभराच्या कार्यक्रमाचा साचा साधारण सारखाच असतो: पंधरा ते अठरा वयाचं मूल, दहा-अकरा महिन्यांचा मुक्काम, राहणं गावातल्या कुटुंबात आणि शिकणं आपल्या शाळेत. निवड, विमा, तिकडच्या आईवडिलांशी बोलणं हे संस्था बघते. वर्गात त्याच्यासाठी जागा तयार करणं मात्र शाळेलाच करावं लागतं, आणि तिथेच बहुतेक शाळा कमी पडतात. आपण पाहुणा आणतो, विद्यार्थी आणायचं राहून जातं.

पहिला निर्णय इयत्तेचा. दहावी-बारावी नको, त्या मुलांना कुणाशी बोलायलाही वेळ नसतो. कागदावर अकरावी बरोबर दिसते, कारण वय जुळतं आणि बोर्ड नाही. पण अकरावीचे प्रवेशच लांबतात, आणि तास सुरू झाले तरी अर्धी मुलं क्लासला गेलेली असतात. परदेशी मूल रिकाम्या बाकांकडे बघत बसतं. नववी बरी. वयात वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो, पण पट भरलेला असतो. सहल, स्नेहसंमेलन, कबड्डीचा संघ, सगळं नववीत असतं.

सेमी-इंग्रजीची तुकडी असेल तर गणित आणि विज्ञानाला ते मूल पहिल्या दिवसापासून बसू शकतं. चित्रकला आणि शारीरिक शिक्षण तर हवंच. मराठी, हिंदी, संस्कृतच्या तासांना त्याला पहिली-दुसरीच्या वर्गात नेऊन बसवण्याची एक पद्धत आहे, ती आम्हाला अजिबात पटत नाही. सोळा वर्षांचं पोर त्या छोट्या बाकावर सगळ्या शाळेचा तमाशा होतं. त्या पस्तीस मिनिटांत त्याला ग्रंथालयात बसवावं आणि जोडीला नववीतलाच एक विद्यार्थी द्यावा. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक तिथेही वाचता येतं.

२ जुलै

पोलिस नोंदणीचे कागद.

परदेशी नागरिक घरी उतरला की २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर ऑनलाइन कळवावं लागतं. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. हा फॉर्म यजमान कुटुंबाने भरायचा, शाळेने नव्हे. परदेशी विद्यार्थी दाखल झाल्याची वेगळी माहिती शाळेने द्यायची. पोर्टलवर घराची नोंदणी आधी मंजूर व्हावी लागते, म्हणून पंधरा दिवस आधीच लॉगिन करून ठेवावं. मूल रात्री उतरलं आणि मग लॉगिन करायला बसलं, तर चोवीस तास तिथेच संपतात.

हद्द तपासावी. घर शहरात असेल तर पोलिस आयुक्तालय, शहराबाहेरच्या कुंभारीसारख्या गावी असेल तर ग्रामीण पोलिस. पत्ता ‘सोलापूर’ एवढाच दिसतो आणि कागद चुकीच्या कचेरीत जाऊन पडतो. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. हे चौदा दिवस मुंबईच्या विमानतळावर पाऊल ठेवल्यापासून मोजायचे, सोलापूर स्टेशनपासून नव्हे.

चुका होतात त्या बारीक. पासपोर्टवर आडनाव आधी असतं, आपण नाव आधी लिहितो. पासपोर्ट क्रमांकाच्या रकान्यात व्हिसाचा क्रमांक पडतो. तारखेत महिना आणि दिवस उलटे होतात. आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट ही की वर्षात कुटुंब बदललं, तर नव्या घराने सी-फॉर्म नव्याने भरायचा.

सिमकार्ड अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर मिळत नाही. ते यजमान पालकांच्या नावावर घ्यावं लागतं.

९ जुलै

यजमान घरं बघताना फरशी आणि एसी कुणी बघू नये. तीन गोष्टी बघाव्यात: मुलासाठी स्वतंत्र पलंग, आतून कडी लागणारं न्हाणीघर, आणि घरात साधारण त्याच वयाचं कुणीतरी. तिसरी नसली तरी निभतं, पहिल्या दोन नसतील तर नाही.

मग पाण्याचं बोलणं. उजनी धरण भरलेलं असलं तरी सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआडच सुटतं, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. ते शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहतं, टाकी संपते, घरची काकू काही बोलत नाही, पण तिचा चेहरा उतरतो आणि मुलाला कळत नाही आपलं काय चुकलं. म्हणून पहिल्याच दिवशी टाकी दाखवावी, पाणी सुटण्याचा वार सांगावा, बादली आणि तांब्या हातात द्यावा. एका आंघोळीला एक बादली असं स्पष्ट सांगितलं की मुलं ते सहज पाळतात. न सांगता ओळखून घ्यावं, ही अपेक्षा आपली असते. नळ सुटला की भांडी भरायलाही त्याला घ्यावं. त्या अर्ध्या तासात घर जेवढं कळतं तेवढं आठवडाभर सोफ्यावर बसून कळत नाही.

पिण्याचं पाणी गाळून-उकळूनच. पहिले दोन आठवडे बर्फाचा गोळा, पाणीपुरी, उघड्यावर कापलेली फळं बंद. तरी पोट बिघडतंच. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायची, पेल्याभर पाण्यात नव्हे, कारण द्रावण दाट झालं तर जुलाब वाढू शकतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

१० जुलै

शेंगदाण्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सोलापुरात याच्याइतका गंभीर दुसरा विषय नाही.

पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं बरीच भेटतात. आपल्याकडे शेंगदाणा हा पदार्थ नसून सगळ्या पदार्थांचं अस्तर आहे. शेंगा चटणी आणि शेंगा पोळी तर उघड दिसतात. पण भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, पोह्यांत आणि चिवड्यात दाणे, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, कढईत शेंगतेल. यजमान बाई मनापासून ‘यात दाणे नाहीत’ म्हणतात, कारण कूट त्यांच्या लेखी दाणे नव्हेच. एखादी भाजी कुटाशिवाय केली तरी वाटण त्याच मिक्सरच्या भांड्यात किंवा त्याच खलबत्त्यात झालेलं असतं. तीव्र अ‍ॅलर्जीला तेवढा अंश पुरतो. मागच्या वेळी नुसतं अंगावर पित्त उठलं होतं म्हणून पुढच्या वेळीही तेवढंच होईल, असं नसतं.

आमचं मत स्पष्ट आहे. फॉर्ममध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी लिहिलेली असेल तर शाळेने संस्थेला कळवावं की या मुलाला दुसऱ्या गावी द्या. यात आतिथ्याला कमीपणा नाही. वर्गात पन्नास डबे उघडतात आणि त्यातल्या निम्म्यांत शेंगा चटणी असते, ती शाळेला थांबवता येत नाही.

काजू-बदाम, अंडी, मधमाशीचा डंख अशी दुसरी तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर मुलाकडे अ‍ॅड्रेनॅलिनचं स्वयंचलित इंजेक्शन असतं. ते इथल्या दुकानात सहज मिळत नाही, म्हणून निघतानाच दोन आणायला सांगावं. एक दप्तरात, एक शाळेच्या कचेरीत, आणि कचेरीतलं कुलपात नको. ते साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायचं असतं. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही आणि स्कूटरच्या डिकीतही नाही. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो तेव्हा थंड पिशवीची सोय करावी, आणि औषध गढूळ किंवा तपकिरी दिसलं तर नवं मागवावं. वापरायची वेळ आली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, कपड्यावरूनही चालतं. मग मुलाला आडवं झोपवून पाय उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावं, पण उभं करून चालवू नये. बरं वाटलं तरी लगेच दवाखाना. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरं इंजेक्शन. हे निदान चार शिक्षकांना आणि शिपाईमामांना करून दाखवलेलं असावं.

२२ जुलै

पहिला आठवडा आणि सत्काराचा सोस.

शाल, श्रीफळ, फेटा, व्यासपीठावर खुर्ची, दोन भाषणं, मग प्रत्येक वर्गात नेऊन ‘हे आपले पाहुणे’. शाळेचं प्रेम असतं त्यात, शंका नाही. पण पंधरा दिवस हे चाललं की वर्गातली मुलं त्याच्यापासून हातभर लांब उभी राहायला शिकतात आणि ते अंतर पुढे जूनपर्यंत जात नाही. एका गुलाबावर भागवावं आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर नाव घालावं, रोज पुकारावं. गणवेशही तोच, तसेच बूट. मोठ्या मापाचा गणवेश तयार मिळत नाही, शिवून घ्यावा लागतो, त्यासाठी माप आधीच मागवून ठेवावं.

परिपाठात त्याने राष्ट्रगीताला आणि राज्यगीताला शांत उभं राहावं, एवढंच. प्रतिज्ञा म्हणायला लावू नये. ‘भारत माझा देश आहे’ हे त्याच्याकडून वदवून घेण्यात आपलाही मान नाही.

सोबती दोन द्यावेत, एक नव्हे. पहिल्या नंबरचा विद्यार्थी टाळावा. सहामाही जवळ आली की तो स्वतःच्या अभ्यासात बुडतो. घराच्या वाटेवरचा, सायकलने येणारा, थोडा बडबड्या असा मुलगा-मुलगी उत्तम.

दुचाकीचा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि सोलापूरकरांना तो दोनदा सांगावा: परदेशी विद्यार्थ्याने कुठलंही वाहन चालवायचं नाही. आपल्याकडे नववीतली पोरंही गाडी काढतात, बेकायदा का असेना, आणि ‘एक राऊंड मार की’ असं प्रेमाने किल्ली पुढे करतात. अशा वेळी अपघात झाला तर विमा हात वर करण्याची आणि कार्यक्रमातून मुलाला परत धाडलं जाण्याची भीती असते. मागे बसणार असेल तर हेल्मेट.

५ ऑगस्ट

जेवणाच्या वेळा. त्यांच्याकडे बऱ्याच घरांत संध्याकाळी सहा-सातला जेवण होतं, आपल्याकडे साडेनऊला. मधे ते मूल भुकेने चिडचिडतं आणि सांगत नाही. सहाला काहीतरी पोटभरीचं द्यावं. कडक भाकरी पहिल्यांदा आमटीत कुस्करूनच द्यावी, कोरडी दिली तर बिस्किटासारखी चावून हिरड्या सोलून घेतात.

आग्रहाचं गणित दोन्ही बाजूंना समजावायचं. आपला माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. त्यांचं ‘नको’ म्हणजे नको, आणि ‘हवं’ म्हणायला ते लाजत नाहीत. मुलाला ‘पोट भरलं’ म्हणायला आणि ताटावर हात आडवा धरायला शिकवावं. घरच्यांना सांगावं की बंद दार म्हणजे राग नव्हे.

१० ऑक्टोबर

आज डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्मदिवस. १९१० साली याच गावात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकून तिथल्याच लोकांत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. परदेशी विद्यार्थ्याला त्यांच्या स्मारकाकडे जरूर न्यावं. चिनी शिकले नसते तर कोटणीस तिथे फक्त पाहुणे डॉक्टर राहिले असते, हे त्याला तिथेच उभं राहून सांगावं.

कारण भाषेचा घोळ ऑक्टोबरमध्येच समोर येतो. सगळा वर्ग त्याच्यावर आपलं इंग्रजी घासून घेतो आणि त्याचं मराठी ‘कसा आहेस’च्या पुढे सरकत नाही. त्यात सोलापूर. वर्गात मराठी, पूर्व भागातल्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, रिक्षात दख्खनी. मूल गोंधळून सगळंच सोडून देतं. यजमान घर तेलुगू किंवा कन्नड बोलणारं असेल तर त्यांनी जेवताना त्या मुलाशी मराठीच बोलावं, एवढं ठरवून घ्यावं. वर्गात मधली सुट्टी फक्त मराठीची. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ चुकणारच. मुख्याध्यापकांना ‘तू कुठे चाललास?’ विचारलं तर हसू दाबून ‘तुम्ही कुठे चाललात, सर?’ असं पूर्ण वाक्य परत म्हणून दाखवावं, व्याकरण सांगू नये.

आणि हाच काळ पडतीचा. नवलाई ओसरलेली, भाषा आलेली नाही, तिकडे मित्रांची शाळा सुरू झालेली. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये हा उतार-चढाव इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असल्याचं मांडलं. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, पण तिसऱ्या महिन्याच्या आसपास फार झोपणं, शाळेला दांडी, रोज दोन-दोन तास घरी व्हिडिओ कॉल, ही लक्षणं ओळखता यायला हवीत. फोन हिसकावून घेऊ नये. घरच्या कॉलला आठवड्यातला एक वार ठरवावा आणि मोकळ्या झालेल्या संध्याकाळी काहीतरी काम द्यावं: मैदान, तबला, शेजारच्या पोरांना इंग्रजी. दिवाळीची सुट्टी एकट्याने काढायला लागू नये.

दर आठवड्याला दहा मिनिटं एका बाईंनी किंवा सरांनी त्याच्याशी यजमानांच्या माघारी बोलावं. ‘सगळं ठीक ना?’ हा प्रश्न बाद, त्याचं उत्तर कायम ‘हो’ येतं. काल रात्री काय जेवलास, कुणाबरोबर, किती वाजता झोपलास, घरात कुठल्या खोलीत जायला नको वाटतं का, असं विचारावं. अठरा वर्षांखालच्या परदेशी मुलालाही पोक्सो कायद्याचं संरक्षण आहे, आणि लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून आपसात मिटवायचं नाही. मुलाला त्याच रात्री दुसऱ्या घरी हलवता यावं म्हणून एक कुटुंब कायम तयार ठेवावं.

११ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज, अक्षता सोहळ्याची गर्दी. हे त्याने पाहायलाच हवं, पण फोन त्या गर्दीत लागेलच असं नाही. चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधी ठरवावी, आणि यजमानांचा पत्ता व फोन मराठीत लिहिलेली चिठ्ठी खिशात. उद्या बारा तारीख, सोलापूरच्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी फाशी दिल्याचा दिवस. १९३१ ची ती हकीकत वर्गातल्याच मुलांनी त्याला सांगावी. जानेवारीपर्यंत मूल मराठीत प्रश्न विचारू लागलेलं असतं.

४ एप्रिल

शाळा सकाळची झाली. दुपारी बारा ते चार घराबाहेर नाही, पाण्याची बाटली सतत हातात.

जायचे कागद आताच करायचे, मेमध्ये कचेरी रिकामी असते. तिकडची शाळा वर्ष मान्य करायला हजेरीचे दिवस, विषयवार तास आणि गुण मागते. नुसतं ‘सहभागी झाला’ असं प्रमाणपत्र तिथे कामाचं नाही. लेटरहेडवर इंग्रजीत, प्रत्येक पानावर शिक्का, तीन प्रती.

भेटी कमी द्याव्यात. विमानात साधारण तेवीस किलोची एक बॅग मिळते आणि सोलापुरी चादरी जो तो देतो. वर्गाने मिळून एकच द्यावी, आणि बॅग आदल्या आठवड्यातच काट्यावर चढवावी. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटून सकाळी मुंबईला पोचते. विमान त्याच सकाळचं घेऊ नये, पुढच्या रात्रीचं घ्यावं. गाडी उशिरा आली तरी हातात दिवस राहतो, आणि स्टेशनवर आलेल्या वर्गाला घाई न करता निरोप घेता येतो.