गुडघाभर पाण्यातली मुंबई

जुलैची सकाळ, आठ वाजलेत, बाहेर सहा डिग्री, आणि मी वेटसूट चढवून, कानाला हेडफोन लावून मेलबर्नच्या समुद्रात उभी. लांबून बघणाऱ्याला वाटणार बाईचं काहीतरी बिनसलंय. हा नाद लावला आमच्या शेजारच्या ग्रीक आजोबांनी. निवृत्तीनंतर वीसेक वर्षं ते मेटल डिटेक्टर घेऊन पाण्यात फिरतायत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये बरण्याच्या बरण्या भरून नाणी आहेत.

इथला पोर्ट फिलिप बे म्हणजे जवळजवळ 1930 चौरस किलोमीटरचं उथळ तळंच म्हणा ना. सरासरी खोली 13 मीटरच्या आसपास, भरती-ओहोटीत मीटरभराचाही फरक पडत नाही, त्यामुळे कितीतरी आत चालत गेलं तरी पाणी गुडघ्याला. जानेवारीत चाळीस डिग्रीच्या दिवशी अख्खं शहर किनाऱ्यावर लोटतं, सनस्क्रीनने बोटं बुळबुळीत, गार पाण्यात ती आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली कळतही नाही. आमचा सीझन त्यानंतर.

माझं पहिलं मशीन सेकंडहँड, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं. गवतात छान, पण समुद्रात नेलं की नुसती टिवटिव, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं आणि मशीनला वाटतं इथे सगळीकडे धातूच आहे. एक अख्खा हिवाळा वाया घालवल्यावर मुकाट्याने मल्टि-फ्रिक्वेन्सीवालं घेतलं. कानात सूर घुमला, स्क्रीनवर कुठला धातू असावा ते सुचवणारा आकडा आला की स्कूप मारायचा. स्कूप म्हणजे बुंदीचा झारा मोठा करून त्याला फावड्याचा दांडा लावलाय असं समजा, वाळू गळून जाते, वस्तू राहते. पाय मात्र घासत चालायचं, उचलून टाकायचं नाही, वाळूत स्टिंगरे लपलेले असतात. आणि जुना डबा किंवा बाटली वर आली तर आत बोट घालायचं नाही म्हणजे नाही, निळ्या कड्यांचा इवलासा ऑक्टोपस तिथेच घर करतो आणि त्याचं विष जीवघेणं असतं.

पण सापडणं हा अर्धाच खेळ, खरी मजा ओळखण्यात. सोन्याची अंगठी आणि बियरच्या कॅनची पत्र्याची कडी, दोघींचा आकडा बरेचदा सारखाच येतो! म्हणजे सोनं हवं असेल तर आधी शंभर कड्या उपसा. मला पहिली अंगठी मिळाली तिच्यात आतून 375 कोरलेलं, मी म्हटलं बोगस दिसतेय, आपण 916 बघून वाढलेले ना! मग कळलं इथे नऊ कॅरेटच्या अंगठ्या सर्रास घालतात, 375 म्हणजे हजारात तेवढं सोनं. (ती पोलिसांकडे दिली, आतल्या बाजूला लग्नाची तारीख होती.)

सोनं पाण्यातून जसंच्या तसं पिवळं निघतं. चांदी काळी पडते, लोखंडाचा गंजून वाळूसकट गोळा होतो, तांब्याचं नाणं हिरवं. आपल्याकडे नाशिकला गोदावरीत पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात, ते चालतं कारण आपली हल्लीची बरीचशी नाणी स्टीलची. इथे चुंबक बिनकामाचा. पाच ते पन्नास सेंट तांबं-निकेलचे, एक आणि दोन डॉलर ॲल्युमिनियम-ब्राँझचे, एकही चिकटत नाही. 1966 च्या फेब्रुवारीत इथे पाउंड-शिलिंग जाऊन डॉलर आला, त्याआधीचं काही निघालं की आजोबा शिट्टी वाजवतात.

तर गेल्या महिन्यात इथल्या मॉर्डियालक उपनगराच्या जेटीपाशी एक मोठं जाड नाणं निघालं, हिरवंकच्च, एका बाजूला कांगारू कसाबसा दिसतोय. पेनी! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणे चिंच-मीठ लाव, लखलखीत होईल. होतं की, याआधी दोन पेन्यांवर मी तेच केलं होतं आणि त्या आजारी माणसासारख्या गुलाबी झाल्या, वरचा जुना थर गेला की नाण्याची किंमतही गेली. त्यामुळे ही नुसती डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवली, मीठ बाहेर यायला, आणि मधूनमधून मऊ टूथब्रश.

आठवड्याने भिंगाखाली धरली. साल 1943. राजा सहाव्या जॉर्जच्या कडेने लॅटिन अक्षरं, त्यात शेवटी इंड इम्प, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आणि राजाच्या मानेखाली बारीकसा इंग्रजी आय. मागे पेनी या शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक टिंब. आजोबांना दाखवलं तर हसायलाच लागले, म्हणाले अगं ही तुझ्या गावची आहे.

युद्धात इथे नाण्यांची टंचाई झाली, मेलबर्न आणि पर्थच्या टांकसाळी पुऱ्या पडेनात, मग चांदीची नाणी अमेरिकेत डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोला पाडून आणली आणि 1942-43 मध्ये पेनी, अर्धी पेनी आपल्या मुंबईत. तो आय आणि ती टिंबं म्हणजे मुंबईचीच खूण. फोर्टातली ती टांकसाळ! बाबा बत्तीस वर्षं रोज तिच्या समोरून ऑफिसला गेले. त्यांना फोन केला तर आधी विश्वासच बसेना, मग म्हणाले वजन करून सांग. नव्या पेनीचं वजन 9.45 ग्रॅम असायचं, माझी भरली 8.6. बाकीचं समुद्राने खाल्लं.

विकायला गेलं तर दोन डॉलरही येणार नाहीत. खिडकीत वाटीत ठेवलीये, पाणी दर रविवारी बदलते, आणि दर रविवारी आई विचारते, चिंच लावलीस का?