तुम्ही विचारलंत म्हणून: मनिलाची जुनी चित्रं बघून तो पोशाख शिवता येईल का?

एकोणिसाव्या शतकात फिलिपिन्सला गेलेल्या युरोपीय मंडळींनी छापलेली चित्रं समोर ठेवून तिथला पोशाख शिवता येईल का, असं नाटकाचे कपडे करणारे हमखास विचारतात. बेतायचं कसं ते कळेल, कापड कसं होतं ते मात्र कळणार नाही.

आधी बेतणं. बाईच्या पोशाखात चार गोष्टी शोधा. बारो म्हणजे कमरेपर्यंतचा आखूड, झिरझिरीत सदरा, सरळ आयताकृती तुकड्यांचा. साया म्हणजे पायघोळ घागरा. त्यावरून कमरेपासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेलं गडद आयताकृती कापड म्हणजे तापिस. चौथा पान्युएलो: चौकोनी रुमाल, तिरका दुमडून त्रिकोण करायचा, खांद्यांवर टाकायचा आणि पुढे टाचायचा. नवखे तापिस सोडून देतात, कारण चित्रात ते घागऱ्याचाच गडद पट्टा वाटतं. पण मेस्तिसा, म्हणजे मिश्र वंशाच्या बायका, तापिस बरेचदा लावत नसत. तेव्हा ते गाळलंत की पात्रच बदललं.

काळ बाह्यांवरून ओळखा. 1820–30च्या सुमाराच्या चित्रांत त्या लांब आणि अरुंद दिसतात, शतकाच्या मध्यानंतर घंटेसारख्या रुंद होत जातात. घागऱ्यावर चौकडी दिसली तर दचकू नका. तिथे अशा कापडाला ‘कांबाया’ म्हणत. हे नाव आपल्या खंबायतवरून, गुजरातच्या बंदरावरून आलं.

आता कापड. उंची बारो पिन्याचा, म्हणजे अननसाच्या पानातल्या धाग्याचा. पान फुटक्या चिनी बशीच्या कडेने खरवडलं की आधी जाड तंतू सुटतो, मग नारळाच्या करवंटीने बारीक तंतू निघतो. तो कातत नाहीत, एकेक तंतू टोकाला टोक बांधून लांबवतात, म्हणून धागाभर बारीक गाठी. रंग हस्तिदंती. वर कशिदा, आणि काही धागे काढून केलेली जाळी, तिला कालादो म्हणतात. आक्लान प्रांतातलं हे विणकाम 2023 साली युनेस्कोच्या यादीत गेलं. बाजारातलं नायलॉन ऑर्गंझा याला पर्याय म्हणून घेतलंत तर दिव्याखाली काचेसारखं चकाकेल.

हे कापड छापील चित्रात का हरवतं? मनिलाचे स्थानिक चित्रकार, दामियान दोमिंगो किंवा हुस्तिनियानो आसुन्सिऑन, जलरंगात आधी आतलं अंग आणि कपडा रंगवत, मग वरून पांढऱ्याचा पातळ थर आणि केसाएवढ्या रेघांनी कशिदा काढत. म्हणून बाहीतून दंड दिसतो. लिथोग्राफीत, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेल्या छपाईत, पांढरा रंग नसतोच. दगडावर काळी खडू-रेघ उमटते आणि पांढरं म्हणजे कोरा राहिलेला कागद. मग बाही एकतर जाड सुती होते, नाहीतर दंड उघडाच दिसतो. वर हाताने भरलेला रंग प्रतीगणिक वेगळा. एका प्रतीतला निळा घागरा दुसरीत तांबडा निघाला तर नवल नाही. रंगावरून वाद घालू नये, हे माझं पक्कं मत.

दुसरी फसगत उलटेपणाची. दगडावर थेट काढलेलं चित्र छापताना आरशासारखं उलटतं. सगळेच डाव्या हाताने विडी ओढताना दिसले, तर तापिसची कड कुठल्या बाजूला आली हे त्या पानावरून ठरवू नका.

आणि ही सगळी चित्रं ‘डोळ्यांदेखत’ काढलेली आहेत असंही धरू नका. दोमिंगोसारख्यांचे पोशाखचित्रांचे संच मनिलात विकत मिळत आणि ते जहाजांबरोबर युरोपात जात. फ्रेंच डॉक्टर झां मल्ला यांचं 1846चं पुस्तक निघालं तोवर ही परंपरा चांगली रुळलेली होती. दोमिंगोने मनिलाच्या तोंदो भागात चित्रकला शिकवायला सुरुवात केली ती 1821 साली. त्यामुळे दोन पुस्तकांत तीच उभी राहण्याची ढब, तोच झुंजीचा कोंबडा काखेत, असं दिसलं तर दोघांनी तोच माणूस पाहिला असं नव्हे. दोघांसमोर एकच नमुना असू शकतो. याउलट 1792 साली स्पॅनिश दर्यावर्दी मालास्पिनाच्या मोहिमेबरोबर आलेला चित्रकार हुआन रावेनेत याची रेखाटनं जागेवरची, म्हणून घड्यांसाठी मी ती आधी बघेन.

पुरुषांचा सदरा विजारीबाहेर सोडलेला असतो. शस्त्र लपवता येऊ नये म्हणून स्पॅनिशांनी सक्ती केली, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण असा हुकूम कुठल्याही दप्तरात सापडलेला नाही. गावच्या मुखियाची चित्रं बघा: हातात काठी, अंगात आखूड काळा कोट, आणि कोटाखालून सदऱ्याचं टोक बाहेर. ते टोक झाकून कोट लांब बेतलात की मुखियाचा कारकून होतो.