बडोदं ते आखेन: मास्टर्सला निघणाऱ्यांसाठी

बडोद्याला कलाभवनात बी.ई. झाल्यावर मी जर्मनीत आखेनला, आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात मास्टर्सला आले. इथला पहिला हिवाळा आता सरलाय. ज्युनिअर मुलंमुली फोन करून विचारतात, "ताई, विद्यापीठ कसं निवडायचं?" ते सांगतेच. पण माझं म्हणणं आहे की त्याआधी खोलीचं विचारा. इथल्या पहिल्या दोन महिन्यांची सगळी कामं खोलीला टांगलेली असतात.

कागदांना घरूनच आणि लवकर लागा. भारतातल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. म्हणजे तुमची पदवी आणि गुणपत्रिका जर्मन बाजूने तपासल्या जातात. त्याची फी 18,000 रुपये आहे, आणि गर्दीच्या दिवसांत वेळ बराच जातो. विद्यापीठाच्या प्रवेशपत्राची वाट बघत हे मागे ठेवू नका. शेवटच्या सेमिस्टरमध्ये असतानाच गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट आणि पासपोर्टवरचं नाव एकसारखं आहे ना, ते बघून घ्या. आपल्या मराठी घरांत हा घोळ नेहमीचा: एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर गायब.

पैशांचं गणित असं. सप्टेंबर 2024 पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आपल्याच नावाने पैसे आधी भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरोच मिळतात. हा आकडा बदलत असतो, तेव्हा अर्जाच्या वेळी ताजा बघा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, पण "जर्मनीत सगळं फुकट" हे ऐकून निघू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या टीयूएम या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे, आणि आमच्या इथलेही काही इंग्रजी मास्टर्स सशुल्क आहेत. त्यामुळे नुसतं विद्यापीठाचं नाव बघून भागत नाही, त्या त्या अभ्यासक्रमाची फी वाचा. माझ्या घरात हा हिशेब आजोबांनी वहीत मांडला होता. 1913 साली सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, ती गोष्ट ते त्या वहीसमोर बसून पुन्हा पुन्हा सांगायचे. शिकायला बाहेर जाणाऱ्यामागे बडोदं उभं राहिलेलं आहे, हे मला अजूनही बळ देतं.

प्रवास सोपा आहे. बडोद्याहून मुंबईला रेल्वेने, तिथून फ्रँकफर्टला थेट विमान. विमानतळाच्याच लांब पल्ल्याच्या स्टेशनवरून कोलोन साधारण तासाभरावर आहे आणि पुढे आखेन. रविवारी मात्र उतरू नका, दुकानं बंद असतात. सामानात लीलो चिवडा, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला खुशाल घ्या. तूप आणि खव्याची मिठाई घरीच ठेवा, कारण बाहेरून येणाऱ्यांना मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत. आजीला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

आता खोली. इथे पोचल्यावर राहण्याच्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. नियमाने ती दोन आठवड्यांत व्हायला हवी, आणि तिच्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. बहुतेक बँका खातं उघडायला ही नोंद मागतात. ते खातं झालं की ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तिथे यायला लागतात. निवास परवान्यालाही पत्ता हवाच. म्हणजे खोली नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर खातं नाही, आणि स्वतःचे पैसे असून हातात काही नाही. बऱ्याच मुलांचं घोडं इथेच पेंड खातं. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून अर्ज करण्याची मुभा मिळाली की त्याच दिवशी नाव घाला. खाजगी खोली घेताना "या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल ना?" हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारा. भाड्यात काल्ट म्हणजे नुसतं भाडं, आणि वार्म म्हणजे हीटिंग वगैरे धरून. अनामत कायद्याने तीन काल्ट भाड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. खोली किंवा करार न दाखवता कोणी आगाऊ रक्कम मागितली, तर ती खोली सोडा. पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च वेगळा, हाताशी ठेवूनच निघा.

खोली मिळाली की त्याच संध्याकाळी टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. मी कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहून पारदर्शक टेपने लावलं. पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जातं, आणि बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, कर क्रमांक तिसऱ्यात, असं सगळं टपालानेच येतं.

अभ्यासाचंही थोडं. इथे निकालात 1.0 सर्वोत्तम, 4.0 ला पास आणि 5.0 नापास. बहुतेक विषयांत सेमिस्टरअखेरची एकच परीक्षा सगळे गुण ठरवते, आणि तिला वेगळी नावनोंदणी लागते. ती मुदत चुकली तर परीक्षेला बसता येत नाही. एका विषयाला साधारणपणे तीनच संधी मिळतात, म्हणून पहिल्या सेमिस्टरला विषय हात राखून घ्या. नोकरी वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस करता येते, पण पहिले काही महिने तिच्या भरवशावर खर्च मांडू नका. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी बी1 पर्यंतचं, म्हणजे रोजचं बोलणं जमेल अशा मधल्या पातळीचं जर्मन बडोद्यातच करून या. घरमालक, नगरपालिकेची खिडकी, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, या तिघांशी पहिल्याच आठवड्यापासून जर्मनमध्ये बोलावं लागतं.