तळटीप क्रमांक २८७

प्रबंध जमा करायला नऊ दिवस उरले होते, घरात सगळ्यांना वाटत होतं की आता काय, प्रिंट काढायची आणि बाइंडिंगला टाकायचं, आणि मी रात्री साडेअकराला वर्डमधलं झोटेरोचं (संदर्भ आणि तळटिपा सांभाळणारं सॉफ्टवेअर) रिफ्रेश बटण दाबलं तर समोर चौकट, की डॉक्युमेंट अपडेट करताना एरर आली. बास. कुठे आली, का आली, काही नाही. ओके दाबलं, परत रिफ्रेश, परत तेच. वर्ड बंद करून उघडलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, देव पाण्यात ठेवायचेच काय ते बाकी होते.

फाइलचा पसारा सांगते म्हणजे घाम का फुटला ते कळेल. विषय एकोणिसाव्या शतकातली मराठी नियतकालिकं, १८३२ च्या 'दर्पण'पासून १८८१ च्या 'केसरी'पर्यंत. सहा प्रकरणं, ३४० पानं, ६१२ तळटिपा. स्टाइल शिकागोची, तळटिपांवाली, म्हणजे पुस्तक पहिल्यांदा आलं की पूर्ण नोंद आणि पुढे दरवेळी फक्त आडनाव, छोटं शीर्षक आणि पान. हे हाताने सांभाळायचं म्हणजे वेड लागायची पाळी, कारण एक परिच्छेद तिसऱ्या प्रकरणातून उचलून पहिल्यात नेला की मागचं-पुढचं सगळं बदलतं. म्हणून झोटेरो. फुकट आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं आहे, त्यामुळे जुनी वर्तमानपत्रं, पत्रं, हस्तलिखितं असल्या नोंदींना त्यात जागा आहे. आणि आधीच सांगून टाकते, पुढे जे झालं त्यात त्याचा काडीचा दोष नाही. उद्योग माझे, थोडे भावोजींचे.

मला इतकी वर्षं वाटायचं की तळटिपेत जे दिसतं तेच सायटेशन, म्हणजे संदर्भाची नोंद. तसं नसतं. दिसतो तो नुसता मुखवटा, मागे वर्डचं एक फील्ड असतं आणि त्यात झोटेरोने त्या पुस्तकाची सगळी कुंडली कोंबलेली असते. ऑल्ट + एफ९ दाबलं की मुखवटे गळून पडतात आणि सगळीकडे महिरपी कंसात 'ॲडइन झोटेरो आयटम' करून लांबलचक कोड दिसायला लागतो. पहिल्यांदा बघाल तर फाइल गेली असंच वाटेल, घाबरू नका, परत ऑल्ट + एफ९ दाबलं की पूर्ववत होतं. एकच फील्ड उघडायचं तर त्यावर कर्सर ठेवून शिफ्ट + एफ९. हे शिफ्ट + एफ९ लक्षात ठेवा, चोर तिथेच सापडणार आहे.

तर ६१२ मधली बिघडलेली तळटीप शोधायची कशी? एकेक बघत बसले असते तर दिवाळी उजाडली असती. उपाय जुनाच आहे, अर्धं-अर्धं करायचं. फाइलची कॉपी काढायची (कॉपी! मूळ फाइलवर हे करायचं नाही म्हणजे नाही), तिच्यातला खालचा अर्धा भाग उडवायचा आणि रिफ्रेश मारायचा. चाललं तर दोष उडवलेल्या भागात, नाही चाललं तर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचं परत अर्धं. ३०६, १५३, ७७, ३९... असं करत फार तर दहा फेऱ्यांत एका तळटिपेवर येऊन पोचता. पण मला तेरा लागल्या, कारण दोनदा मी चुकीचा अर्धा भाग उडवला आणि एकदा चहा उतू गेला.

सापडली ती तळटीप क्रमांक २८७, 'ज्ञानोदय'च्या एका अंकाची. दिसायला अगदी शहाण्यासारखी, नाव, तारीख, पान सगळं जागच्या जागी. शिफ्ट + एफ९ दाबून आत डोकावले तर कोडमधली सगळी अवतरणचिन्हं वळणदार. कोडमध्ये ती सरळ उभी असावी लागतात, वळणदार झाली की झोटेरोला तो मजकूर वाचताच येत नाही आणि ते हात वर करतं.

आणि मग आठवलं! महिन्याभरापूर्वी सर, म्हणजे माझे गाईड, म्हणाले होते, "अगं, अवतरणचिन्हं काही ठिकाणी सरळ आहेत, काही ठिकाणी गोल, एकसारखी कर." मी फाइंड-रिप्लेसमध्ये दोन्हीकडे तेच चिन्ह टाकून रिप्लेस ऑल मारलं, वर्ड आपोआप गोल करून देतं, युक्ती झकास आहे. पण त्याच दिवशी सकाळी नुसत्या कुतूहलापोटी मी २८७ चं फील्ड उघडून बघितलं होतं आणि तसंच उघडं टाकलं होतं. फील्ड उघडं असलं की वर्ड कोडमध्येही शोधतं आणि बदलतं. नंतर मी ते बंद केलं, मुखवटा परत चढला, आणि महिनाभर मला काही म्हणता काही कळलं नाही. तेवढं सायटेशन उडवून नव्याने घातलं, मूळ फाइलमध्ये रिफ्रेश मारला, चाललं. रात्रीचे पावणेतीन. आनंदाने ओरडायचं होतं पण सासूबाई शेजारच्या खोलीत.

खरी गंमत पुढे. रिफ्रेश झालं आणि चौथ्या प्रकरणात बघते तर ज्या पुस्तकांची पूर्ण नोंद तिसऱ्या प्रकरणात होऊन गेली होती ती परत पूर्ण आलेली, जणू पहिल्यांदाच भेटतोय. संदर्भसूचीतून अकरा पुस्तकं गायब. म्हणजे झोटेरोला तिसरं प्रकरण दिसतच नव्हतं. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डमध्ये फील्ड शेडिंग नावाची गोष्ट आहे, ती 'ऑलवेज' केली की जिवंत फील्डांच्या मागे करडा रंग येतो. केली. पहिलं प्रकरण करडं, दुसरं करडं, तिसऱ्यातल्या ८३ च्या ८३ तळटिपा पांढऱ्याफटक. सगळं प्रकरण मेलेलं. अक्षरं तीच, आत काही नाही.

तिसरं प्रकरण शुद्धलेखनासाठी भावोजींकडे गेलं होतं. ते निवृत्त मराठीचे मास्तर, ऱ्हस्व-दीर्घात त्यांचा हात कोणी धरणार नाही. सकाळी सातला फोन लावला.

"भावोजी, माझी फाइल तुम्ही कशात उघडली होती हो?"

"मोबाइलमध्ये. नातवाने एक ॲप टाकून दिलंय, फुकट. का गं, काही राहिलं का? 'आणि'चा णि मी सगळीकडे बघितला."

त्यांना काय सांगणार. त्या ॲपने मजकूर ठेवला, तळटिपा ठेवल्या, फक्त मागची फील्डं सपाट करून साधी अक्षरं करून टाकली. ८३ सायटेशनं परत घालण्यापेक्षा मी उलटं केलं, त्यांना पाठवण्याआधीची फाइल मेलमध्ये सापडली, ती जिवंत होती, मग वर्डमधल्या रिव्ह्यू टॅबमधल्या कंपेअरने जुनी आणि नवी शेजारी लावली आणि त्यांच्या दुरुस्त्या जिवंत फाइलमध्ये हाताने उतरवल्या. दीड दिवस गेला. पण दुरुस्त्या एकूण एक बरोबर होत्या हे कबूल करायला हवं, 'पुनर्मुद्रण' मी तीन वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलेलं होतं.

ट्रॅक चेंजेसचंही तसंच काहीसं, सरांनी ज्या तळटिपा खोडल्या होत्या त्या दिसायला खोडलेल्या पण ॲक्सेप्ट करेपर्यंत झोटेरोच्या हिशोबात हजर, सूचीत त्यांची पुस्तकं येतच राहतात. ॲक्सेप्ट ऑल केलं की मिटलं.

त्याहून जास्त वेळ गेला तो हाताने केलेल्या दुरुस्त्यांपायी. पान क्रमांक सायटेशनच्या खिडकीत, त्या पुस्तकाच्या बुडबुड्यावर क्लिक करून घालायचा असतो, मी मात्र सरळ तळटिपेत टाइप करायचे. मग झोटेरो विचारतं की हे तुम्ही बदललंय, असंच ठेवू का? मी सहा महिने बिनधास्त 'येस' म्हणत आले. प्रत्येक 'येस'ला ती तळटीप गोठते, पुढे काहीही बदललं तरी ती जागची हलत नाही. ३१ निघाल्या अशा. इटॅलिकचंही तेच, देवनागरीला इटॅलिक केलं की अक्षरं वाऱ्याने आडव्या झालेल्या ज्वारीसारखी दिसतात, म्हणून मी हाताने सरळ करायचे, आणि पुढच्या रिफ्रेशला ती परत आडवी. ते स्टाइलच्या फाइलमध्येच बदलावं लागतं. 'एट अल' च्या जागी 'आणि इतर' हवं असेल तरीही तिथेच, झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये 'साइट' (Cite) विभागात स्टाइल एडिटर आहे. फक्त बदललेल्या स्टाइलला नवं नाव आणि नवा आयडी द्या, नाहीतर मूळ स्टाइल अपडेट झाली की तुमची मेहनत धुऊन निघते.

आता एक खास आपल्या मराठीचा घोळ, हा मला कुठल्याच इंग्रजी मदतपानावर सापडला नव्हता. संदर्भसूचीत एका लेखकांची पुस्तकं दोन ठिकाणी येत होती, वास्तविक आमच्या स्टाइलमध्ये त्याच लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकाला नावाऐवजी लांब रेघ यायला हवी. नाव दोन्हीकडे सारखंच दिसत होतं, मोठं करून बघितलं, भिंग लावायचं बाकी होतं. त्यांच्या आडनावात 'कुऱ्हाडी'तला ऱ्ह आहे. हा ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो, एक खास ऱ या अक्षरापासून, आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळी माणसं. माझ्या घरच्या कीबोर्डवर एक, लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर दुसरा, आणि मी चार वर्षं दोन्हीकडून नोंदी भरल्या होत्या. झोटेरोत एका प्रकारे शोधलं की चार नोंदी, दुसऱ्या प्रकारे शोधलं की तीन. नावं एकसारखी केली, आणि त्यात एक पुस्तक दोनदा होतं ते मर्ज केलं. मर्जच करायचं हं, एक डिलीट करून मोकळं व्हायचं नाही, कारण मर्ज केलं की जुनी सायटेशनं नव्या नोंदीला चिकटून राहतात आणि डिलीट केलं की फाइलमध्ये ती अनाथ होतात, दिसतात पण लायब्ररीत बदल केला तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

स्लो होण्याचा त्रास सगळ्यांनाच असेल. सगळी प्रकरणं एका फाइलमध्ये आणल्यावर एक तळटीप घालायला माझ्या लॅपटॉपला पाऊण मिनिट लागायचं, कारण प्रत्येक वेळी सगळ्याच्या सगळ्या तळटिपा तपासल्या जातात. झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये आपोआप अपडेट बंद करता येतं, मग नव्या सायटेशनखाली तुटक रेघ दिसते, आणि रात्री झोपताना एकदा रिफ्रेश मारला की झालं. मला हे साडेचार वर्षांनी कळलं.

शेवटी दोन फाइली केल्या. एक जिवंत, तिच्या नावातच 'जिवंत' लिहिलं. दुसरी तिची कॉपी, जिच्यात 'अनलिंक सायटेशन्स' करून सगळी फील्डं मुद्दाम साधी अक्षरं केली, कारण ती बाइंडिंगवाल्या काकांच्या कॉम्प्युटरवर उघडणार होती आणि तिथे कुठलं वर्ड असेल देव जाणे. अनलिंक केलेलं परत जोडता येत नाही म्हणून ते फक्त कॉपीवर. पीडीएफ वेगळी काढली, विद्यापीठाला आणि पुढे शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) जाते ती.

जमा करायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सरांचा फोन. "अगं ते २८७ बघ जरा, ज्ञानोदयची तारीख मला शंकास्पद वाटते."

मी 'जिवंत' उघडली.