५१ अंशांवरचं आकाश आपल्या अक्षांशावर आणताना

बीबीसीची 'द स्काय ॲट नाइट' ही मालिका २४ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली. तेव्हा आरेंड-रोलँड धूमकेतू साध्या डोळ्यांना दिसत होता, आणि सूत्रसंचालक पॅट्रिक मूर यांना पहिल्याच भागासाठी याहून चांगला विषय मिळणं शक्य नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये मृत्यू होईपर्यंत ही मालिका त्यांचीच होती. या सगळ्या काळात जुलै २००४ चा एकच भाग अन्नविषबाधेमुळे त्यांच्या हातून सुटला. तो ख्रिस लिंटॉट यांनी सांभाळला. ऑक्टोबर १९५९ मध्ये ल्यूना ३ यानाने टिपलेली चंद्राच्या पलीकडच्या बाजूची छायाचित्रं मूर यांनी याच कार्यक्रमात थेट प्रक्षेपणात दाखवली. एवढा इतिहास पुरे.

या मालिकेतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे 'या महिन्यात काय बघाल' हा. पण ब्रिटनबाहेरचे प्रेक्षक नेमका तोच सोडून देतात. कारण उघड आहे: सगळ्या सूचना साधारण ५१ ते ५५ अंश उत्तर अक्षांशासाठी असतात. तरीही तो भाग टाकून देऊ नये. थोडी बेरीज-वजाबाकी केली की तो कुठेही वापरता येतो. उदाहरणासाठी इथे ५१ आणि २० अंश उत्तर असे दोन अक्षांश धरले आहेत.

सुरुवात क्रांतीपासून करायची, म्हणजे वस्तू खगोलीय विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला (अधिक) किंवा दक्षिणेला (उणे) आहे त्यापासून. वस्तू याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना तिचा उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) = ९० वजा अक्षांश अधिक क्रांती. उत्तर ९० च्या वर गेलं तर ते १८० मधून वजा करायचं. म्हणजे वस्तू खस्वस्तिकाच्या (थेट डोक्यावरच्या बिंदूच्या) उत्तरेला आहे. ज्येष्ठाची क्रांती उणे २६.४. ५१ अंशांवर ती जेमतेम १२.६ अंश वर येते, २० अंशांवर ४३.६. वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ तारकागुच्छ (क्रांती उणे ३४.८) तिकडे ४ अंशांवर घुटमळतो, इकडे तो ३५ अंशांवर असतो. म्हणून कार्यक्रमात 'दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तरच प्रयत्न करा' असं ऐकलं, की २० अंशांवरच्या निरीक्षकाने ती वस्तू यादीत सगळ्यात वर घ्यावी. १२ अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश खस्वस्तिकाच्या मानाने साधारण साडेचार पट हवेतून येतो, ४४ अंशांवर जवळपास दीडपट. स्वच्छ हवेतसुद्धा यात पाऊण प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप) फरक पडतो.

उत्तरेकडे याच्या उलट घडतं. ५१ अंशांवर ३९ पेक्षा जास्त उत्तर क्रांतीचे सगळे तारे कधीच मावळत नाहीत, त्यामुळे सप्तर्षी आणि शर्मिष्ठा वर्षभर कुठल्याही रात्री हजर असतात. म्हणून तिकडे आकाशाची वाट बहुतेक वेळा सप्तर्षींपासून काढली जाते. २० अंशांवर ही हद्द ७० क्रांतीवर सरकते आणि दोन्ही तारकासमूह वर्षातले काही महिने संध्याकाळी दिसतच नाहीत. अशा वेळी खूण बदलावी: हिवाळ्यात मृग, उन्हाळ्यात वृश्चिक.

सर्वांत जास्त घोटाळा वेळेचा होतो. 'रात्री १० वाजता दक्षिणेला' ही सूचना ताऱ्यांबद्दल असेल तर ती यूटीत (जागतिक वेळेत) बदलून पुन्हा आपल्या घड्याळात आणायची नाही. तारे स्थानिक सौर वेळेनुसार याम्योत्तर वृत्तावर येतात, आणि ती वेळ जगभर जवळपास सारखीच असते. पाच-साडेपाच तासांच्या रेखांश-फरकाने मिनिटभरही फरक पडत नाही. मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे असतात. त्या काळातली '१० वाजता' ही सूचना म्हणजे सौर वेळेचे ९.

गुरूच्या उपग्रहांची ग्रहणं, चंद्रग्रहणाचे टप्पे, तेज बदलणाऱ्या अल्गोल ताऱ्याचा किमान प्रकाश या घटना सगळीकडे एकाच क्षणी घडतात, त्यामुळे तिथे यूटी लागतेच. चंद्राने तारा झाकण्याची पिधानं तर उचलून वापरूच नयेत. जागेनुसार चंद्राचं स्थान जवळजवळ एक अंशापर्यंत सरकतं, त्यामुळे तिकडे पिधान असलेला तारा इकडे चंद्राच्या बाजूने निघून जाऊ शकतो. चंद्र-शुक्र युतीचंही तेच. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश पुढे जातो, म्हणून पूर्वेला पाच तासांवर असलेल्या ठिकाणी त्या संध्याकाळी तो अडीच अंश मागे असतो.

स्टेलॅरियम या आकाशदर्शक सॉफ्टवेअरमध्ये पडताळायचं असेल तर आधी जागा ५१ अंशांवर ठेवून कार्यक्रमातलं दृश्य जुळवा. मग वेळ आणि रेखांश तसेच ठेवून फक्त अक्षांश बदला. क्षितिज कसं सरकतं ते डोळ्यांसमोर दिसतं आणि कुठली सूचना पाळायची, कुठली सोडायची ते लगेच कळतं. घटनांसाठी मात्र पूर्ण जागा आणि टाइमझोन बदलावा लागतो.

ब्रिटनच्या दक्षिण भागात मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य रात्रीसुद्धा क्षितिजाखाली १८ अंश जात नाही, म्हणजे पूर्ण अंधार होतच नाही. म्हणून त्या महिन्यांच्या भागांत अंधुक दीर्घिका बाजूला पडतात आणि चंद्र, सूर्य, रात्री चमकणारे उंच ढग यांना जागा मिळते. ते ढग २० अंशांवरून दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. त्याच महिन्यांत तिथे सूर्यास्तानंतर दीड तासाच्या आत पूर्ण अंधार होतो.

बुधाबद्दलचे इशारेही तिकडचेच. सप्टेंबरमधल्या संध्याकाळी क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग) ५१ अंशांवर क्षितिजाशी जेमतेम १६ अंशांचा कोन करतं, त्यामुळे बुध सूर्यापासून २५ अंश दूर असला तरी संधिप्रकाशात बुडतो. २० अंशांवर हाच कोन ४७ च्या आसपास असतो. कार्यक्रमात 'या वेळी बुध दिसणं अवघड' म्हटलं तरी तिथे प्रयत्न जरूर करावा.

उल्कावर्षावाचे आकडे ऐकताना तर फारच सावध राहावं. तासाला १०० हा ययाती उल्कावर्षावाचा आकडा उल्केंद्र (उल्का जिथून येताना भासतात तो बिंदू) थेट डोक्यावर आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतील असं आकाश धरून काढलेला असतो. १२ ऑगस्टच्या रात्री स्थानिक सौर वेळेनुसार १० वाजता हे उल्केंद्र ५१ अंशांवर ३० अंश वर आलेलं असतं. २० अंशांवर फक्त ४. म्हणून 'अंधार पडला की बाहेर या' हा तिकडचा सल्ला इकडे वाया जातो. २० अंशांवर पहाटे ४ वाजता उल्केंद्र ४७ अंशांवर येतं. ४७ च्या साइनने गुणलं की १०० चे ७३ होतात. आकाशात ४.५ प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील तर या वर्षावासाठी प्रत्येक प्रतीमागे २.२ ने भागायचं, म्हणजे दोन प्रतींसाठी ४.८४ ने. उरतात तासाला १५. हा आकडा आधीच माहीत असेल तर निराशा होत नाही आणि झोपही योग्य वेळी काढता येते. मिथुन उल्कावर्षावाला हा त्रास नाही. त्याचं उल्केंद्र दोन्हीकडे ७० अंशांच्या वर जातं.

मूर यांनी मागे ठेवलेलं एक साधन या सगळ्यासाठी फार सोयीचं आहे. १९९५ मध्ये त्यांनी मेसियेच्या ('एम' क्रमांकांच्या) यादीत नसलेल्या १०९ वस्तूंची कॅल्डवेल यादी प्रसिद्ध केली. 'एम' हे अक्षर मेसियेकडे गेलेलं असल्याने त्यांनी आपल्या जोडआडनावातलं कॅल्डवेल वापरलं. या यादीचे 'सी' क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रांतीनुसार लावलेले आहेत, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरूनच वस्तू दिसेल की नाही हे कळतं. ५१ अंशांवर सी ७२ च्या सुमारास क्षितिज आडवं येतं. २० अंशांवर सी १०० पर्यंत मजल जाते. त्यापुढच्या बहुतेक वस्तू क्षितिजाला टेकलेल्या किंवा त्याखाली असतात. सी १४, म्हणजे ययातीतला जोडगुच्छ, ५१ अंशांवर ८४ अंश वर येतो. २० अंशांवरून तो उत्तरेला ५३ अंशांवर दिसतो, आणि दोन्हीकडून १०×५० द्विनेत्रीत उत्तम.

सी ८०, म्हणजे ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ, मूर यांच्या सेल्सीच्या (दक्षिण इंग्लंड) घरातून कधीच दिसत नव्हता. २० अंशांवर तो मेच्या मध्याला स्थानिक सौर वेळेनुसार रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला २२ अंशांवर येतो. याम्योत्तर वृत्ताच्या आधी आणि नंतर तासभर त्याची उंची दीड अंशाहूनही कमी घटते, म्हणून ढग सरकण्याची वाट पाहायला दोन तास हाताशी असतात. द्विनेत्री तिवईवर लावा. हातात धरलेल्या १०×५० मधून तो धूसर गोळा वाटतो, पण स्थिर द्विनेत्रीत त्याचा किंचित चपटा आकार कळू लागतो. तारे सुटे व्हायला १०० ते १५० मिलिमीटरची दुर्बीण आणि शंभरच्या आसपास विशालन लागतं.